लाटणारी, भाजणारी आणि नातवाचं विमान

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. मागच्या एका लेखात ओघाओघात लिहून गेलो होतो की नातवाच्या संगणकाचं 'हृदय' बदललं. त्यावर तिघाचौघांचे फोन आले. एका मेहुण्यांनी तर घाईत वाचून माझ्याच तब्येतीची चौकशी केली :-) तेव्हा ते प्रकरण एकदा सविस्तर लिहून टाकतो. संगणकावरच्या खेळांत ज्यांना रस नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही. घरात नातू असेल तर आज ना उद्या हा प्रश्न तुमच्याही दाराशी येणार आहे, आणि तो येतो तो पंचवीस-तीस हजारांचं बिल हातात घेऊनच.

आधी माझा अधिकार सांगतो, म्हणजे अपेक्षा बेताच्या राहतील. मी बी.ए., तेही मराठी माध्यमातून. आयुष्यभर शाळेत भूगोल आणि मराठी शिकवलं. संगणक हाती आला तो निवृत्तीनंतर. त्यामुळे पुढे जे येईल ते मास्तरी भाषेत येईल.

आमच्या हिने २०१९ मध्ये पोस्टात नातवाच्या नावाने आवर्ती ठेवीचं खातं उघडलं होतं. महिना चारशे रुपये. स्वतःच्या खर्चातून काढायची, कुणाला सांगायची नाही. २०२२ मध्ये ती गेली. पासबुक तिच्या कपाटात साड्यांच्या खाली सापडलं. पुढचे हप्ते मी भरत राहिलो. २०२४ मध्ये खात्याची मुदत संपली आणि एकोणतीस हजारांच्या आसपास रक्कम हाती आली. नातू तेव्हा नुकताच अठरा वर्षांचा झालेला, बारावी पार पडलेली. पैसे त्याचे होते, त्याच्या हातात दिले. दिवाळीच्या सुट्टीत त्याने जाहीर केलं की या पैशांचं तो नवं ग्राफिक्स कार्ड घेणार.

घरात जे व्हायचं ते झालं. माझा मुलगा म्हणाला, "आजीने हे पैसे खेळण्यासाठी साठवले नव्हते." नातू म्हणाला, "मग कशासाठी साठवले होते ते सांगा." याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं, कारण ती काही बोललीच नव्हती. दोन दिवस बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. जेवायला बसताना मी मध्ये. सूनबाई वाढता वाढता माझ्याकडे बघायची, म्हणजे आता तुम्हीच काय ते करा.

मी नातवाला म्हणालो, "पैसे तुझे, निर्णय तुझा. पण आजीचे पैसे आहेत, तेव्हा कार्ड घेऊन नेमका काय फरक पडणार हे आधी मला समजावून सांग." तो म्हणाला, "आबा, फ्रेम वाढतील." किती? का? कशावरून? इथे गाडी अडली. दुकानदाराने सांगितलं होतं, मोठं कार्ड टाका, सगळं सुटेल. दुकानदाराला कार्ड विकायचं असतं, यात त्याचा दोष नाही. पण ते काही उत्तर नव्हे. मग आम्ही दोघं एक वही घेऊन बसलो.

आता ही 'फ्रेम' म्हणजे काय? सिनेमा म्हणजे भराभर बदलणारी स्थिर चित्रं, सेकंदाला २४, हे आपल्याला ठाऊक आहे. खेळाचंही तसंच, पण एक मोठा फरक आहे. सिनेमाची चित्रं आधीच तयार असतात, फक्त दाखवायची असतात. खेळातलं प्रत्येक चित्र त्या क्षणी, नव्याने तयार करावं लागतं, कारण पुढच्या क्षणी पोरगं विमान डावीकडे वळवणार की उजवीकडे हे संगणकाला माहीत नसतं. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. ३० चालत असतील तर ३३.३. एवढ्या वेळात चित्र तयार झालं नाही तर आधीचंच चित्र पडद्यावर राहतं आणि डोळ्याला हिसका बसतो.

आणि हे चित्र दोघं मिळून तयार करतात. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड.

हे समजायला मला सगळ्यात उपयोगी पडलं ते लग्नघरातलं स्वयंपाकघर. पोळ्यांच्या राशी करायच्या असतात तेव्हा एक बाई लाटते आणि एक भाजते. प्रोसेसर लाटतो. म्हणजे विमान कुठे आहे, वारा किती, कोणत्या इमारती नजरेच्या टप्प्यात आल्या, कोणती वस्तू काढायची आणि कोणती नाही, हे सगळं ठरवून तो कार्डाला हुकूम देतो. कार्ड भाजतं. म्हणजे त्या हुकमाप्रमाणे पडद्यावरचा एकेक ठिपका रंगवतं. भाजणारी एक पोळी भाजत असताना लाटणारी पुढची लाटत असते, दोघींचं काम एकाच वेळी चाललेलं असतं. म्हणून तासाला किती पोळ्या निघतील हे दोघींच्या वेळाच्या बेरजेवर ठरत नाही. दोघींत जी सावकाश, तिच्यावर ठरतं. लाटणारी रेंगाळली तर भाजणारी उलथनं हातात घेऊन बसून राहते, मग तवा कितीही मोठा आणा. आमच्या हिने असली बरीच लग्नं निभावून नेली. भाजायला दुसरी बाई मागायची की लाटायला, हे ती परातीकडे एक नजर टाकून सांगायची. परातीत लाटलेल्या पोळ्यांची चळत साचली असेल तर भाजायला माणूस हवा, परात रिकामी असेल तर लाटायला.

आम्हाला आमची परात बघायची होती.

नातवाचा संगणक २०२० च्या टाळेबंदीत शाळेसाठी घेतलेला. त्यात रायझन ५ २६०० हा प्रोसेसर, म्हणजे २०१८ सालचं मॉडेल, सहा कोअरचा. कार्ड जीटीएक्स १६६० सुपर, २०१९ च्या शेवटी आलेलं. मदरबोर्ड बी ४५०, रॅम १६ जीबी, दोन पट्ट्यांत. पडदा नेहमीचा, १९२० बाय १०८० ठिपक्यांचा. आणि खेळ म्हणाल तर मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर, २०२० च्या ऑगस्टमध्ये आलेला. आम्ही सांगलीकर, त्यामुळे तो कोल्हापूरच्या विमानतळावरून उडतो आणि सह्याद्री ओलांडून किनाऱ्याकिनाऱ्याने मुंबईला जातो. जगातले सुमारे ३७ हजार विमानतळ त्या खेळात आहेत आणि खालची जमीन उपग्रहचित्रांवरून केलेली आहे. भूगोलाच्या मास्तराला आणखी काय हवं? घाटमाथ्यावरून कोकणात उतरतानाची ती तुटलेली कड मी वर्गात खडूने काढून दाखवायचो. आता पोरगं मला ती वरून दाखवतं. असो, विषयावर येतो.

तक्रार एवढीच होती की मुंबईवर आलं की विमान अडखळायचं. ऐन उतरण्याच्या वेळी.

या खेळात एक सोय आहे. 'डेव्हलपर मोड' चालू केला की कोपऱ्यात फ्रेमचा आकडा येतो आणि कोण अडवतं आहे तेही लिहून येतं: 'लिमिटेड बाय मेनथ्रेड' किंवा 'लिमिटेड बाय जीपीयू'. पहिलं म्हणजे लाटणारी मागे पडली, दुसरं म्हणजे भाजणारी. पण नुसत्या पाटीवर विश्वास ठेवायचा नाही असं मी ठरवलं. परीक्षा घ्यायची तर प्रश्नपत्रिका एकच हवी. तेच विमान, तीच भरदुपार, आकाश स्वच्छ, उंची १५०० फूट, जुहूवरून निघून तोच मार्ग. दर वेळी एकच गोष्ट बदलायची आणि आकडा वहीत लिहायचा.

मुंबईवर नेहमीच्या मांडणीत आकडा आला २७. मग पडद्यावरची ठिपक्यांची संख्या कमी केली. १९२० बाय १०८० म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. ते १२८० बाय ७२० वर आणले, म्हणजे ९ लाख २१ हजार ६००. कार्डाचं रंगवायचं काम निम्म्याहून कमी झालं. चित्र धूसर झालं, आणि आकडा? २८. ढग कमी केले, सावल्या कमी केल्या, तरी २८. काम निम्म्यावर आणूनही वेग वाढत नाही याचा अर्थ ते काम अडथळा नव्हतंच. भाजणारी आधीच रिकामी बसली होती.

मग उलटा प्रयोग. ठिपके पुन्हा होते तेवढे केले आणि जमिनीचा तपशील किती दूरपर्यंत मोजायचा तो आकडा २०० वरून १०० वर आणला. हे काम मुख्यतः प्रोसेसरचं. २७ चे ३४ झाले. नातू वहीकडे बघत राहिला. तो म्हणाला, "म्हणजे आबा, तीस हजारांचं कार्ड टाकलं असतं तरी मुंबईवर सत्तावीसच?" मी म्हटलं, "वही तरी तसंच म्हणते आहे."

पण हीच वही पुढे एक मजेदार गोष्ट सांगते. विमान किनारा सोडून अरबी समुद्रावर गेलं की आकडा पंचावन्नच्या वर जाई आणि कोपऱ्यातली पाटी बदलून 'लिमिटेड बाय जीपीयू' होई. समुद्रावर इमारती नाहीत, रहदारी नाही, लाटणारीला काम थोडं. आता भाजणारी मागे. संगणक तोच, उड्डाण तेच, पाच मिनिटांत अडथळ्याची जागा बदलली! महाजालावर काही गणकयंत्रं आहेत, त्यांत प्रोसेसर आणि कार्डाचं नाव घातलं की 'अमुक टक्के अडथळा' असा शिक्का मारून देतात. ती बघून पोरं घाबरतात. कोणत्या खेळात, किती ठिपक्यांवर, शहरावर की समुद्रावर, हे न विचारता दिलेल्या टक्क्याला मी तरी पेपर न तपासता दिलेले गुण म्हणेन.

टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ४० टक्केच वापरात दिसतो, मग तो अडथळा कसा, असा प्रश्न नातवाच्या मित्राने विचारला. प्रश्न चांगला होता. पण तो आकडा सगळ्या कोअरची सरासरी असतो. खेळाचं मुख्य काम बरंचसं एकाच धाग्यावर चालतं. सहाजणांच्या गटात एकटाच हुशार मुलगा सगळा प्रकल्प करतो आहे आणि बाकीचे पेन्सिलींना टोक काढत आहेत, तर गटाची सरासरी मेहनत कमीच दिसणार. त्यापेक्षा कार्डाचा आकडा बघावा. कार्ड ९५-१०० टक्के वापरात असेल तर अडथळा तिथे. साठ-सत्तरवर रेंगाळत असेल आणि फ्रेमवर कुठली मर्यादा घातलेली नसेल, तर बहुतेक वेळा अडथळा प्रोसेसरकडे असतो.

सरासरीचा विषय निघाला म्हणून आणखी एक. वर्गाची सरासरी ६० असली तरी त्यात चार पोरं नापास असू शकतात हे आपण जन्मभर बघितलं. फ्रेमचंही तेच. सरासरी ५० असूनही मध्येच एखादं चित्र दहावा हिस्सा सेकंद अडकलं तर विमान धावपट्टीवर आपटतं. म्हणून जाणकार लोक सरासरीसोबत सगळ्यात वाईट एक टक्का चित्रांचा वेगही मोजतात. आणि अशा आचक्यांमागे पुष्कळदा प्रोसेसर किंवा रॅम असते, कार्ड नसतं.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, मग प्रोसेसरवरच पैसे घालावेत. तसंही नाही हो. पुण्याच्या आमच्या ताईच्या नातवाचं बरोबर उलटं आहे. त्याच्याकडे प्रोसेसर नवा, पण कार्ड जुनं जीटीएक्स १०५० टीआय, २०१६ सालचं, चार जीबीचं. आणि त्याला खेळायचा असतो सायबरपंक २०७७. तिथे लाटणारीने परात भरून ठेवली आहे आणि तवा एवढासा. त्याने फोनवर विचारलं तेव्हा मी सांगितलं, ठिपके कमी करून बघ. त्याचे फ्रेम ताबडतोब वाढले. त्याला कार्डच हवं. मोठ्या, ज्याला फोर-के म्हणतात तसल्या पडद्यावर खेळणाऱ्यांचंही बहुधा असंच असतं, कारण त्यावर ठिपके चौपट होतात, ८२ लाख ९४ हजार ४००. रंगवायचं काम चौपट, पण लाटायचं जवळपास तेवढंच. म्हणूनच तेच दोन प्रोसेसर साध्या पडद्यावर खूप वेगळे आणि फोर-केवर जवळजवळ सारखे दिसतात. वर्तमानपत्री छापाच्या तुलना वाचताना कोणत्या पडद्यावर मोजलं हे आधी बघावं.

आता नातवाच्या बाजूने बोलायला हवं, कारण त्याने हार मानली नव्हती आणि त्याचा मुद्दाही पोकळ नव्हता. तो म्हणाला, आरटीएक्स ४०६० घेतलं तर 'फ्रेम जनरेशन' मिळतं. २०२२ मध्ये आलेलं हे तंत्र. यात कार्ड दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये एक चित्र स्वतःच अंदाजाने भरतं. त्यासाठी प्रोसेसरकडे जावं लागत नाही, म्हणून लाटणारी सावकाश असली तरी आकडा वाढतो. आणि हे विमानाच्या खेळात चालतं. मी दोन दिवस वाचत होतो. विमान सावकाश वळतं, त्यामुळे मधलं चित्र अंदाजाने भरलेलं सहसा खटकत नाही, हे मान्य. पण मधलं चित्र काढायचं तर पुढचं खरं चित्र आधी हाती यावं लागतं, म्हणजे दाखवायला थोडा उशीर होणारच. शिवाय हाताच्या हालचालीला संगणक प्रतिसाद देतो तो खऱ्या चित्रांच्याच वेगाने. आणि खरं चित्रच अडकलं तर मधलं कुठून येणार? आमचं दुखणं नेमकं ते होतं. नातवाने हे शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "उतरताना अडकतं ते राहीलच म्हणजे." निर्णय तिथे त्याचा त्यानेच केला.

मग कोणता प्रोसेसर? इथे एक सुखद धक्का बसला. त्याच्या बी ४५० मदरबोर्डावर २०१८ चा प्रोसेसर बसतो आणि त्याच खाचेत, ज्याला एएम४ म्हणतात, कितीतरी नवे प्रोसेसरही बसतात, फक्त मदरबोर्डाची बायॉस प्रणाली अद्ययावत करावी लागते. म्हणजे बोर्ड, रॅम, डबा काही बदलायला नको. एक पर्याय रायझन ५ ५६००, स्वस्तातला आणि चांगला. दुसरा रायझन ७ ५७००एक्स३डी, २०२४ च्या जानेवारीत आलेला, आठ कोअरचा.

कागदावर मला या दुसऱ्यात काही राम दिसेना. जुन्या २६०० चा कमाल वेग ३.९ गिगाहर्ट्झ, याचा ४.१. एवढ्यासाठी वीस हजार? पण वेगाचा हा आकडा म्हणजे लाटणं किती भराभर फिरतं एवढंच. एका फेऱ्यात पोळी किती लाटली जाते ते वेगळं, आणि कणकेचा गोळा हाताशी आहे की उठून आणावा लागतो ते त्याहून वेगळं. प्रोसेसर रॅमकडून माहिती मागवतो तेव्हा त्याच्या हिशेबाने फार वेळ वाट बघतो. म्हणून लागणारी माहिती तो अंगाशीच एका छोट्या साठ्यात ठेवतो, त्याला कॅश म्हणतात. २६०० मध्ये हा तिसऱ्या पातळीचा साठा १६ मेगाबाइट, ५६०० मध्ये ३२, आणि ५७००एक्स३डी मध्ये ९६. त्यातले ६४ चक्क दुसऱ्या थरासारखे चिपवर चढवलेले आहेत. ज्या खेळांत असंख्य वस्तूंचा हिशेब सतत ठेवावा लागतो त्यांना याचा फार फायदा होतो, आणि विमानाचा खेळ त्यात अग्रेसर. कारखान्याच्या कुठल्याही कामाला असा फायदा होतो असं मात्र नाही. नुसते व्हिडिओ जोडायचे असतील तर या साठ्याला वेगळे पैसे मोजू नयेत.

माझा मुलगा तिसऱ्या दिवशी रात्री जेवणानंतर वही उघडून उभ्याउभ्याच वाचत होता. त्याने एकच प्रश्न विचारला, "२७ आणि २८ मध्ये फक्त ठिपकेच बदलले होते ना?" नातू म्हणाला, "हो पप्पा, बाकी काही नाही." मग तो खुर्ची ओढून बसला. पैशांचा विषय त्यानंतर निघाला नाही. अकरा वाजेपर्यंत दोघं बायॉसबद्दल बोलत होते, मी झोपायला गेलो.

प्रोसेसर वीस हजारांच्या थोडा वर पडला. त्याच्याबरोबर पंखा येत नाही आणि जुन्या प्रोसेसरचा लहान पंखा याला अपुरा, म्हणून वेगळा घेतला, दोन हजारांच्या आत. बायॉस मात्र जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बदलायची, नाहीतर नवा बसवल्यावर यंत्र त्याला ओळखतच नाही. त्या दरम्यान वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. आम्ही इन्व्हर्टर पूर्ण भरू दिला, घरातला फ्रीज, गीझर सगळं बंद केलं. जेमतेम काही मिनिटांचं काम, पण मुलगा तोवर मेन स्विचपाशी उभा होता, जणू काही तो हाताने वीज धरून ठेवणार आहे.

नव्या प्रोसेसरने तीच प्रश्नपत्रिका सोडवली. मुंबईवर २७ च्या जागी ४६. म्हणजे एका चित्राला लागणारे ३७ मिलिसेकंद आता २२ च्या आत. आकड्यापेक्षा उतरताना अडकणं जवळजवळ गेलं, हे मला न मोजता दिसलं. समुद्रावर मात्र आकडा दोन-तीननेच वाढला, आणि तसाच तो वाढायला हवा होता. तिथे अडथळा कार्डाचाच होता ना! आता ढगाळ हवामान लावलं की मुंबईवरही पाटी 'लिमिटेड बाय जीपीयू' दाखवते. अडथळा कधीच नाहीसा होत नाही, एकीकडून दुसरीकडे सरकतो. नातू म्हणतो कार्डाचं नंतर बघू. तो आता शेजारच्या दोन मुलांची गणिताची शिकवणी घेतो, त्यातून साठवतो आहे. उरलेले साताठ हजार त्याने पोस्टात पुन्हा ठेवले. मी सांगितलं नव्हतं.

कार्ड घेताना त्याला एक गोष्ट लक्षात ठेवायला सांगितली आहे. आमच्या खरेदीनंतर महिन्याभराने, २०२४ च्या डिसेंबरात, इंटेलचं आर्क बी५८० हे कार्ड आलं. किमतीच्या मानाने उत्तम म्हणून सगळ्यांनी उचलून धरलं. ते मोजलं होतं तेव्हाच्या सर्वांत वेगवान प्रोसेसरांवर. पुढे २०२५ च्या सुरुवातीला काही चाचणीकारांनी तेच कार्ड जुन्या, साध्या प्रोसेसरांवर लावून बघितलं, त्यांत आमचा २६०० ही होता. काही खेळांत ते एवढं खाली घसरलं की ज्या ४०६० ला ते मागे टाकत होतं त्याच्याही मागे गेलं. कारण कार्डाचं चालक-सॉफ्टवेअर, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तेही प्रोसेसरवरच चालतं. ते जड असेल तर लाटणारीच्या डोक्यावर आणखी एक काम. गंमत बघा, स्वस्त कार्ड घेणाऱ्याकडेच जुना प्रोसेसर असण्याचा संभव जास्त, आणि चाचण्या होतात त्या महागड्या प्रोसेसरांवर. तेव्हा कार्डाची तुलना वाचताना त्यासोबत प्रोसेसर कोणता होता हे शोधावं, आणि आपल्यासारखा जोड असलेलीच तुलना धरावी. जोडा जमला की नाही हे एकट्या वराची पत्रिका बघून कसं कळणार?

अजून एक, पडद्याबद्दल. नातवाचा मित्र सांगतो, माझ्याकडे सेकंदाला अडीचशे फ्रेम येतात. येत असतील. पण त्याचा पडदा सेकंदाला ७५ वेळाच चित्र बदलतो. नेमबाजीच्या खेळात जास्त फ्रेमचा हाताला थोडा फायदा होतो म्हणतात, पण डोळ्याला दिसायला पडदाही तसा हवा. कुणी खरेदीला निघालं तर ही तिसरी बाजू विसरू नये.

आता उरला जुना २६००. तो चांगला चालू स्थितीत आहे. कुणा नातेवाइकाकडे एएम४ चा बोर्ड असेल, त्यावर चार कोअरचा जुना प्रोसेसर असेल आणि वर सांगितलेली परीक्षा घेऊन अडथळा तिथेच आहे असं वहीत निघालं असेल, तर मला फोन करा, मी तसाच देईन. फक्त नेताना जपून. या जातीच्या प्रोसेसरच्या पिना पोटाखाली असतात, केसासारख्या बारीक, आणि वाकल्या की संपलं. तुमचा जुना काढताना संगणक आधी थोडा वेळ चालवून गरम करा, म्हणजे मधला लेप मऊ होतो. मग बंद करून, वायर काढून, पंखा सरळ वर न ओढता हलकेच डावीउजवीकडे फिरवून सोडवा, नाहीतर प्रोसेसर पंख्याला चिकटून खाचेतून उपटून येतो. आमचा मी नव्याच्या प्लॅस्टिकच्या डबीत घालून हिच्या कपाटात ठेवला आहे, वरच्या कप्प्यात, पासबुकाशेजारी.